सगळं नॉर्मल आहे ना?

भात पिवळं पडलं की आमच्या लॅबमधली गर्दी ओसरते. भोरच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात मी रक्त घ्यायचं काम करते, त्यामुळे हंगाम कुठवर आला हे मला शेतात न जाताही कळतं. ज्यांना चक्कर येते, ज्यांची साखर वाढलेली असते, ज्यांना डॉक्टरांनी नेमाने तपासायला सांगितलेलं असतं, ते सगळे कापणीच्या दिवसांत एकाएकी बरे होतात. झोडणी आटपली, भात कणगीत पडलं, की पुन्हा आजारी पडतात. तोवर मी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघते. एखादा टेम्पो पेंढा भरून जातो आणि त्याच्यामागे तो वास येतो, कापलेल्या आंबेमोहोराचा, थोडा गोड, थोडा धुळीचा. लहानपणापासून या वासावर माझा जीव. यंदा मात्र तो आला की मी उठून उगाच फ्रीज उघडते, नळ्या मोजल्यासारखं करते.

परवा वेल्ह्याकडचे एक आजोबा रिपोर्ट न्यायला आले. कागद हातात दिला तर त्यांनी तो उलटाच धरला आणि बराच वेळ मन लावून बघितला.

"बाई, नार्मल हाय न्हवं?"

"नॉर्मल आहे, आजोबा."

त्यांचे खांदे खाली आले. "मंग झालं तर. उद्यापासनं कापाया लागतो," म्हणाले आणि कागद तिथंच बाकावर विसरून गेले. त्यांना कागद नकोच होता. त्यांना तो शब्द हवा होता, आणि तो मी दिला.

दिवसभर मी हा शब्द वाटत असते. रिपोर्टवर उजवीकडे एक रकाना असतो, कुठून कुठपर्यंत असलं म्हणजे माणूस ठीक, ते सांगणारा. त्याच्या बाहेर आकडा गेला की मशीन तो ठळक छापतं. वाचता न येणारी माणसंसुद्धा ठळक अक्षर बरोबर ओळखतात. बायका तर कागद हातात घेण्याआधी माझा चेहरा वाचतात. म्हणून मी चेहरा नेहमी एकसारखा ठेवते आणि आवाजही. इतक्या वर्षांत तो आवाज माझ्या गळ्यात असा बसलाय की घरी भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारलं तरी मी त्याच आवाजात "नॉर्मल आहे" म्हणते. आमचे हे एसटीत कंडक्टर. ते म्हणतात, तू मेल्यावरसुद्धा यमाला हेच सांगशील.

हा शब्द इंग्रजी आहे हे आता कुणाच्या लक्षातही नसेल. हायवेवर शिवऱ्याच्या आसपास कुठल्याही हॉटेलात बसा, वेटर पाणी आणताना विचारतो, नॉर्मल का थंड? चहा नॉर्मल की बिनसाखरेचा, थाळी नॉर्मल की स्पेशल. घाटात दरड आली की रस्ता बंद, आणि मग कुणीतरी मोबाईलवर सांगतं, रस्ता नॉर्मल झाला. जावाजावांचं वाजतं, महिनाभर दोन चुली पेटतात, मग एक दिवस आमच्या ह्यांना कुणीतरी एसटीत सांगतं, आता नॉर्मल आहेत दोघी. लग्नाला नेसायच्या साड्या वेगळ्या आणि नॉर्मल साड्या वेगळ्या. बाळंतपण नॉर्मल झालं हे सांगताना सासूचा आवाज असा चढतो, जशा काही कळा तिनेच दिल्या. टीव्हीवर सांगतात, यंदा पाऊस नॉर्मल. आमच्या वेल्ह्यातला नॉर्मल पाऊस दुसऱ्या कुठल्या तालुक्यात पडला तर लोक अंथरुणं गुंडाळून पळत सुटतील.

माझ्या आईच्या बोलण्यात या प्रत्येकाला आपापला शब्द होता. पाणी साधं असायचं, जीव बरा असायचा, रस्ता सुरू व्हायचा, भांडण मिटायचं, बाई मोकळी व्हायची, पाऊस बेताचा व्हायचा. आता सगळ्यांना मिळून एकच शब्द, घरात एकच छत्री असल्यासारखा. ज्याला बाहेर जायचं असेल त्याने ती घेऊन जावी. मलाही त्याची सोय वाटते, नाही कशाला म्हणू. कशात काय बरोबर आहे ते नीट सांगायला लागत नाही. पण या शब्दाला 'नाही' जोडलं की तो बदलतो. पाणी नॉर्मल नाही म्हटलं तर ते थंड असतं, एवढंच. माणूस नॉर्मल नाही म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, आणि ऐकणारा त्या माणसाकडे न बघता सांगणाऱ्याकडे बघायला लागतो.

माझा धाकटा भाऊ सोपान नॉर्मल नाही, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शाळेत होते. माझं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं. सोपान ऐन पावसात घरीच जन्मला आणि उशिरा रडला. बाकीची पोरं बोलायला लागली तरी हा बोलेना, म्हणून आई त्याला काखेत घेऊन, मला बोटाला धरून भोरला आली. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर टकटक केलं आणि आईला सांगितलं, मूल नॉर्मल नाही. आईने मान हलवली. घरी आल्यावर आजीने विचारलं, काय म्हणाला डाक्टर? आई म्हणाली, "पोरगं जरा साधंय म्हनला."

मला वाटलं, आईला कळलंच नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीला आपल्या आईबद्दल असं फार लवकर वाटायला लागतं. तिला सगळं कळलं होतं. तिने तो शब्द दवाखान्यातच ठेवून दिला होता. तो घरात आणला मी, पुढे शिकून, भोरला नोकरी लागल्यावर. "आई, त्याला असं पाहुण्यांत बसवू नकोस, तो नॉर्मल नाहीये," असं मी पहिल्यांदा कधी म्हटलं ते आठवत नाही, पण आईने माझ्याकडे कसं बघितलं ते आठवतं.

सोपान आता चाळिशी ओलांडलेला आहे. बुटका, रुंद, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. त्याला काही विचारलं की तो प्रश्न घेऊन बसतो. आपण दुसऱ्या विषयावर जातो, तिसऱ्यावर जातो, आणि मग तो पहिल्याचं उत्तर देतो, तेही बरोबर. गुरं त्याच्यामागे शहाण्यासारखी चालतात. पण त्याच्या जवळ बसणं सोपं नाही, हेही खरं आहे. तो शेजारच्याच्या पानातलं वाढून घेतो. नको तिथं मोठ्याने हसतो. आणि कुणी आवडलं की त्याचा हात धरतो आणि सोडतच नाही. एका बारशाला त्याने तहसील कचेरीतल्या कुणा साहेबांच्या बायकोचा हात धरला होता. ती बाई घाबरून पांढरी पडली, मी हसत हसत त्याची बोटं एकेक करून सोडवली, आणि त्यानंतर मी त्याला भोरला न्यायचं टाळत आले.

पालीला तो मला कधी खटकत नाही. शनिवार-रविवारी गडावर जाणारी पुण्याची मंडळी आमच्या दारावरून जातात. त्याला विचारतात, दादा, गडाची वाट कुठली? गड समोर अर्धं आभाळ व्यापून बसलेला असतो. सोपान बराच विचार करून हात वर करतो. ते थँक्यू म्हणतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात, आणि तो त्यांच्या गाडीच्या धुळीकडे बघत उभा राहतो. त्यांच्यात तो शोभून दिसतो. खटकतो तो भोरला, माझ्या गल्लीत, माझ्या दारात, लोकांनी माझा भाऊ म्हणून बघितला की.

गेल्या वर्षी याच दिवसांत ऋतुजाला बघायला शिवऱ्याची माणसं आली. ऋतुजा माझी एकुलती एक मुलगी, पुण्याला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मुलगा अक्षय तिच्याच ओळखीतला, त्यामुळे बघणं नावापुरतंच होतं. तरी आम्ही पोहे केले, पडदे धुतले, ह्यांनी दाढी करताना गाल कापून घेतला. मुलाचे वडील, आई आणि चुलते आले. हायवेला त्यांचं छोटं हॉटेल आहे आणि मागे शेती. बोलायला मोकळी माणसं.

आमच्याकडे लग्नात मामाचं काम मोठं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामाने, तिची पिवळी साडी आणायची मामाने, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामाने. सगळ्या मांडवाचे डोळे नवरीवर असतात आणि नवरीच्या बरोबर मागे मामा दिसतो. म्हणून पाहुणे मुलीचं शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात आणि मग हे विचारतातच.

"आजोळ पालीचं ना हिचं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "मामा काय करतात?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मामा पुण्याला असतात. विलास. कंपनीत आहेत."

विलास माझा चुलतभाऊ. चुलतमामाही मामाच, म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. खोटं न बोलता सटकायला मला चांगलं जमतं.

"आन् पालीला आईंजवळ कोन असतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"आहे एक जण," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग पोहे छान झालेत म्हणाल्या. निघताना चप्पल घालता घालता पुन्हा विचारलं, "बाकी सगळं नॉर्मल ना, ताई? काही सांगायचं-बोलायचं राह्यलं असंल तर आताच बोलून घेऊ."

"सगळं नॉर्मल," मी म्हणाले. लॅबमध्ये म्हणते तसंच.

लग्न ठरलं. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची, हायवेवरच्या कार्यालयातली. मी पालीला आमंत्रण घेऊन गेले तेव्हा अंगणात झोडणी चालली होती. सोपान पेंढी दोन्ही हातांनी उचलून फळीवर आपटत होता, दाणे पावसासारखे उडत होते आणि आई सुपाने वारवत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, कार्यालय, जेवण, किती माणूस. आई ऐकत होती.

"मागं हुबं कोन ऱ्हानार?" तिने विचारलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले. "खूप गर्दी असते आई. बँड असतो. सोपानला तो आवाज सोसत नाही."

आईचं सूप थांबलं नाही. "व्हय," ती म्हणाली, "बँडचा तरास हुतो त्याला."

मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी नव्या तांदळाच्या दोन भाकऱ्या पिठल्याशी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. सोपान समोर बसून मला बघत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "लगीन." मी म्हणाले, हो. आणि डबा भरून भात घेऊन एसटीत बसले.

लग्न तोंडावर आलं तेव्हा आईचा फोन आला. सोपानला ताप आलाय, आमचं काही येणं होत नाही, साडी विलासबरोबर पाठवते. मी रक्त तपासणारी बाई. कुणी नुसतं अंग कोमट आहे म्हटलं तरी माझ्या तोंडून प्रश्न सुटतात, कधीपासून, थंडी वाजते का, औषध काय दिलं. आईला मी यातलं काहीही विचारलं नाही. "काळजी घे," म्हणाले. ती म्हणाली, "व्हय." फोन ठेवल्यावर मी कपाळाचा घाम पुसला आणि विलासला फोन लावला.

ऋतुजाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मीच जाऊन येते की. मामाला ताप आलाय तर."

"हळद लागल्यावर घराबाहेर पडत नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं. हळदीचे हात तसेच पुढे धरून ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." दर रविवारी पालीला फोन करून सोपानमामाशी, त्याच्या उत्तराची वाट बघत, अर्धा तास बोलणारी माझी मुलगी. तिने भांडावं असं मला तेव्हा वाटत होतं. भांडली असती तर मी तिला गप्प केलं असतं, पण निदान कुणीतरी बोललं असतं.

कार्यालयात माईकवरून गुरुजी म्हणाले, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. विलास बाहेर मोबाईलवर बोलत होता. पुन्हा म्हणाले, नवरीचे मामा कुठं आहेत, वेळ होतेय. सगळं कार्यालय इकडेतिकडे बघायला लागलं. आमचे हे धावत गेले आणि विलासला दंडाला धरून आणलं. पालीहून आलेली पिवळी साडी नेसून ऋतुजा उभी होती, आणि तिच्या मागे पुण्याचा विलास, कडक इस्त्री, सोनेरी घड्याळ. फोटोत फार छान दिसतो. मानपानाच्या वेळी मुलाकडच्यांनी मामांना फेटा बांधला आणि शिवलेला शर्ट-पँट दिला. विलासने शर्ट छातीला लावून बघितला तर बाह्या कोपरापर्यंतच आणि पोटाला दोन माणसं मावतील एवढा घेर. "हा कुणाच्या मापाचा हो?" तो म्हणाला. आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. शिवऱ्याच्या लोकांना मापं कळत नाहीत, असं मी नणंदेच्या कानात म्हटलंसुद्धा.

त्यानंतर वर्ष गेलं. ऋतुजाला दिवस गेले. पाचव्या महिन्यात सासरच्यांनी दवाखाना बदलला, जवळचा घेतला, आणि पहिल्या तपासणीला विहीणबाईंनी मलाही बोलावलं. म्हणाल्या, तुम्हाला त्यातलं कळतं. हे गेल्याच आठवड्यातलं. दवाखान्याच्या मागे शेत होतं, खिडकीतून भात कापणाऱ्या बायका दिसत होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ऋतुजाला वजन विचारलं, गोळ्या विचारल्या आणि मग मान वर न करता म्हणाल्या, "दोन्हीकडे घरात सगळे नॉर्मल? जन्मापासून कुणाला काही, उशिरा बोलणं, समज कमी, असं काही?"

मी दररोज लोकांना हे समजावते की डॉक्टरांपासून काही लपवू नका. ऋतुजा खाली बघत होती. माझ्या नातवंडाचा प्रश्न होता आणि मी खिडकीतून बायका मोजत होते.

"हिच्या आईचा भाऊ हाय," विहीणबाई म्हणाल्या. "सोपानराव. जन्मला तवा उशिरा रडला म्हनं, मग समज जरा कमी ऱ्हायली. तेवढं लिहा."

"जन्मताना उशिरा रडले असतील तर त्याचा हिच्याशी संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काळजीचं कारण नाही." आणि पुढचा प्रश्न विचारला.

आम्ही दोघी बाहेर बाकावर येऊन बसलो. ऋतुजा आत सोनोग्राफीला थांबली होती. मी विचारलं, "तुम्हाला हे ऋतूने सांगितलं?"

"न्हाई वो. आमालाच म्हाईत हाय की." विहीणबाई पिशवीतून चिक्की काढत होत्या. "तुमच्याकडं बघायला यायच्या आदी मी आन् आमचे हे पालीला जाऊन आलो न्हवं का. आजोळी इचारल्याबिगर कोन सोयरीक करतं? तुमच्या आईंनी च्या केला. सगळं सांगितलं, जन्मापासनं. सोपानरावांनी माझा हात धरला, तो काय सोडीनात." त्या हसल्या. "निघायच्या टायमाला ह्ये म्हनले, हितली पोरगी करू. मानसं साधी हायेत."

हे मला कळायला हवं होतं. मोठ्या दिराच्या मुलासाठी मुली बघत होतो तेव्हा मीच आंबवड्याला एका मुलीच्या आजोळी जाऊन, देवळात नारळ वाढवायच्या निमित्ताने, चार घरी विचारून आले होते. आमच्याकडे हे सगळेच करतात. मुलीच्या घरी मुलगी बघतात आणि तिच्या आजोळी घर बघतात. मी दुसऱ्यांच्या दारात जाऊन विचारलं आणि माझ्या माहेरच्या दारात कुणी जाईल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

"मग तेव्हा तुम्ही मला..." मी म्हणाले.

"इचारलं की. तीनदा इचारलं." त्यांनी चिक्कीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "तुमी न्हाई बोललात. म्हनलं, ताईंची काय अडचन असंल. लग्नात सोपानरावांच्या मापाचा शर्ट शिवून आनला व्हता आमी. बोहल्यावर दुसरंच कोनी बघून ह्ये म्हनले, आता वं? म्हनलं, द्या त्यांनाच. भरल्या मांडवात कुठं बोलायचं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी हातावरच्या चिक्कीकडे बघत बसले. मला नणंदेच्या कानात सांगितलेलं वाक्य आठवलं आणि ते विहीणबाईंनी ऐकलं होतं की काय, असंही वाटलं. लाज म्हणजे मान खाली जाणं वगैरे म्हणतात. मला तर तहान लागली. मी कोपऱ्यातल्या मशीनमधून ग्लासावर ग्लास पाणी प्यायले.

"सातव्यात ओटी भरायची हाय शिवऱ्याला," जाताना त्या म्हणाल्या. "मामांना आना. आमचं बोलावनं हाय म्हनून सांगा त्यांना. बँड-बिंड काय न्हाई."

बँडचं कारणसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पालीला गेले. एसटीतून दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं दिसत होती, भाताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बायका बांधावरून चालत होत्या. माझ्या वयाच्या होत्या. त्यांच्या भावांना त्यांनी कुठे बसवलं असेल, असला काहीतरी विचार डोक्यात येत होता. आमच्या अंगणात गेल्या वर्षीसारखीच झोडणी चालली होती. सोपानने मला बघितलं, हसला आणि पेंढी आपटत राहिला. आईने पाणी दिलं. मी बसले नाही.

"आई, शिवऱ्याची माणसं इथं येऊन गेली होती? ठरायच्या आधी?"

"आली व्हती."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगनार व्हते." तिने सूप मांडीवर घेतलं, खडे वेचायला लागली. "तू आमंत्रान घेऊन आलीस तवा सांगनार व्हते. तर तू म्हनलीस, बँडचा आवाज त्याला सोसत न्हाई."

"आणि त्याला ताप आला होता ना?"

"न्हाई. ताप कुटला."

माझी आई खोटं बोलत नाही, निदान मी तिला बोलताना कधी पकडलं नव्हतं. मला राग आला. रागाला जागा सापडली म्हणून बरंही वाटलं. मी म्हणाले, "मग का नाही आलीस तू? त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी त्याच्यासाठी कपडे आणले होते. त्यांना काही वाटलं नव्हतं."

आईने मान वर केली. तिच्या भुवयांवर भाताची कुसळं बसली होती.

"त्यान्ला न्हाई वाटलं. तुला वाटत व्हतं, शोभा. तुझ्या लेकीचं लगीन. भरल्या मांडवात तुला मान खाली घालाया लागू नये म्हनून न्हाई आलो आमी."

मी उभीच होते. म्हणजे आईला माहीत होतं. विहीणबाईंना माहीत होतं, ऋतूला माहीत होतं, कुणाची काही हरकत नव्हती. सगळ्या लग्नात सोपानची लाज वाटणारी मी एकटी होते, आणि माझ्यासाठी सगळे सांभाळून घेत होते, एखाद्या आजारी माणसाला सांभाळतात तसे. त्यात आईने आपल्या एकुलत्या एका नातीचं लग्न बघितलं नाही. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी सोपानला टाळलं असं मी धरून चालले होते. आई त्याला एकटं टाकून येणार नाही, हे कळायला काही शिकावं लागत नाही.

"मुहूर्ताच्या टायमाला काय करत होता तुम्ही?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"ह्येच. झोडीत व्हतो." ती पुन्हा खडे वेचायला लागली. "त्याला सांगितलं, आता ऋतूवर अक्षता पडत्याल. त्यानं फळीवरनं मूठभर भात उचललं आन् हितं अंगनात टाकलं. कोंबड्या आल्या."

सोपान थांबून आमच्याकडे बघत होता. त्याच्या दंडाला कुसळं चिकटली होती, बटण गळ्यापर्यंत लावलेलं होतं. मी घाईघाईने सांगून टाकलं, म्हणजे आता तरी एक काम नीट होईल म्हणून. ऋतूची ओटी भरायची आहे, शिवऱ्याला, सातव्या महिन्यात. विहीणबाईंनी मामांना मुद्दाम बोलावलंय. त्यांचं बोलावणं आहे म्हणून सांगा म्हणाल्या. त्यांच्या घरच्या सगळ्यांना तो यायला हवाय.

आईने सूप खाली ठेवलं.

"ह्ये त्यांचं झालं," ती म्हणाली. "तुझं?"

मी दिवसभर लोकांशी बोलणारी बाई, मला साधं वाक्य जुळवता येईना. शेवटी सोपानच्या समोर गेले आणि म्हणाले, "सोपान, मी तुला बोलवायला आलेय. माझ्याबरोबर चल. आधी भोरला चल, माझ्या घरी राहा, मग आपण दोघं मिळून शिवऱ्याला जाऊ."

हात पुढे केला. आवडेल त्याचा हात धरणारा माझा भाऊ, त्याने तो धरला नाही. पेंढी छातीशी घेऊन तो आईकडे बघायला लागला, हिच्याबरोबर जायचं का म्हणून.